व्हीपीएसवर रॅम नेमकी जाते कुठे

व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या सर्व्हरचा तुकडा पाडून भाड्याने दिलेलं आभासी मशीन. त्यावर १-२ जीबी रॅम घेणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच की टॉपमध्ये (चालू प्रोग्राम म्हणजे प्रोसेस दाखवणारी कमांड) सगळ्या प्रोसेसची बेरीज जेमतेम ३०० एमबी भरतेय, मग वापर ९०० एमबी का दाखवतंय.

बऱ्याच वेळा काहीच बिघडलेलं नसतं. लिनक्स रॅम रिकामी ठेवतच नाही, डिस्कवरून वाचलेल्या फाइली पेज कॅशमध्ये ठेवतो आणि कुणाला गरज लागली की सोडून देतो. म्हणून मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या फ्री कमांडमध्ये फ्री नाही, अव्हेलेबल हा कॉलम बघायचा, हा आकडा कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१४ पासून म्हणजे २०१४ पासून कर्नल स्वतःच देतो. काही होस्टिंग पॅनेलचे ग्राफ कॅशसुद्धा वापरात धरतात, ते बघून लोक घाबरतात आणि कॅश रिकामा करणारी ड्रॉप कॅशेसची कमांड क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप चालायला) लावून टाकतात, असं अजिबात करू नका, सगळं परत डिस्कवरून वाचावं लागतं आणि साइट स्लो होते.

अव्हेलेबलच कमी असेल तर मात्र खरा शोध. टॉपमधला आरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये धरलेली मेमरी) शेअर केलेली मेमरी प्रत्येक प्रोसेसमध्ये परत परत मोजतो, त्यामुळे पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपी साइट चालवणारी सेवा) दहा वर्कर प्रोसेसची बेरीज फुगलेली असते, तिथे एसमेम टूलमधला पीएसएस (शेअर केलेली मेमरी वाटून मोजलेला आकडा) खरा धरायचा. उलटं असेल, म्हणजे बेरीज कमी आणि वापर जास्त, तर रॅम अशा ठिकाणी आहे जी प्रोसेसच्या यादीत येतच नाही. स्लॅबटॉप कमांड लावून कर्नलचा स्लॅब (कर्नलने स्वतःसाठी घेतलेली मेमरी) बघा, लाखो छोट्या फाइली असतील तर डेंट्री कॅश (फाइलींच्या नावांचा कॅश) प्रचंड वाढतो. टेम्प-एफएसमध्ये (रॅममध्येच राहणारी फाइलसिस्टिम) पडलेल्या फाइली कॅशच्या आकड्यात दिसतात पण कॅशसारख्या सुटत नाहीत, एकतर डिलीट करा नाहीतर त्या स्वॅपमध्ये (रॅमला पूरक डिस्कवरची जागा) जातात. राखून ठेवलेली ह्यूजपेजेस (रॅमचे मोठे तुकडे) कुणी वापरली नाहीत तरी अडकून बसतात. झेडएफएस फाइलसिस्टिम असेल तर तिचा स्वतःचा कॅश म्हणजे एआरसी, कॅशच्या कॉलममध्ये नाही, वापरलेल्यात दिसतो.

आणि सगळ्यात फसवा प्रकार बलूनिंगचा. केव्हीएमवर (आभासी मशीन चालवायची एक पद्धत) होस्ट म्हणजे मूळ सर्व्हर, बलून ड्रायव्हरमार्फत गेस्टकडून म्हणजे तुमच्या व्हीपीएसकडून रॅम परत काढून घेऊ शकतो, मग सेटिंगप्रमाणे कधी टोटलच कमी दिसतं तर कधी वापर वाढलेला दिसतो, आणि आत बसून कितीही शोधा, दोषी प्रोसेस सापडत नाही कारण ती नसतेच. अशा वेळी प्रोव्हायडरला सरळ विचारायचं. जुन्या ओपनव्हीझेडवर (व्हीपीएसची दुसरी पद्धत) यूजर बीनकाउंटर्स फाइलमधला फेलकाउंट म्हणजे मर्यादेमुळे नाकारलेल्या मागण्यांचा आकडा वाढतोय का बघायचं.

डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदी) ओओएम किलरने (रॅम संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) मायएसक्यूएल डेटाबेस मारल्याची नोंद दिसली म्हणून मायएसक्यूएलच दोषी असं नाही, किलर साधारण सगळ्यात मोठी प्रोसेस उचलतो, आणि मेमरी खाणारे बऱ्याचदा पीएचपीचे वर्कर असतात कारण मॅक्स चिल्ड्रन (जास्तीत जास्त वर्करचं सेटिंग) रॅमचा हिशोब न करता ठेवलेलं असतं. एका वर्करला ६० एमबी धरले तर ४० वर्करचे २४०० एमबी होतात, २ जीबीत ते मावणार कसे! लीक (प्रोसेस घेतलेली मेमरी परतच करत नाही) ओळखायला एक आकडा पुरत नाही, दोनतीन दिवस आरएसएस टिपून ठेवायचा, चढून एका जागी थांबला तर ठीक, चढतच राहिला तर लीक, तोवर मॅक्स रिक्वेस्ट्स (इतक्या रिक्वेस्टनंतर वर्कर बदलायचं सेटिंग) लावून वर्कर अधूनमधून नवे होऊ द्यायचे.