म्हातारपण पेशीत की पेशीबाहेर?

शरीर का थकतं, याची आज दिली जाणारी बरीच उत्तरं एका जुन्या वादातून निघाली आहेत. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी १८८१ मध्ये अंदाज बांधला होता, की शरीरातल्या पेशी ठरावीक वेळाच विभागू शकतात. पुरावा मात्र हाताशी काहीच नव्हता.

१९१२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. त्या पेशी १९४६ पर्यंत वाढत राहिल्या. कॅरेल स्वतः १९४४ मध्येच वारले. नोबेल मिळवलेल्या माणसाचा प्रयोग, शंका कोण घेणार? पेशी अमर आहे आणि म्हातारपण बाहेरून येतं, असं धरून चालले सगळे. इतरांच्या प्रयोगशाळेत पेशी मेल्या की खापर त्यांच्याच हातावर. पोषणासाठी घातल्या जाणाऱ्या गर्भाच्या अर्कातूनच ताज्या पेशी आत शिरत असाव्यात, हा संशय फार उशिरा आला.

फिलाडेल्फियात जीवशास्त्रज्ञ लिओनार्ड हेफ्लिक यांच्याही काचपात्रातल्या पेशी विभागायच्या थांबत होत्या. त्यांनी आणि पॉल मूरहेड यांनी पुष्कळदा विभागून झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि तुलनेनं ताज्या स्त्रीच्या पेशी एकाच भांड्यात घातल्या. दोष द्रावणाचा किंवा विषाणूचा असता तर दोन्ही थांबल्या असत्या. काही काळानं उरल्या फक्त स्त्रीच्या. म्हणजे मर्यादा पेशीच्या आतच होती. इतकी साधी चाचणी, आणि तिला १९६१ उजाडावं लागलं! मर्यादा निघाली साधारण ४० ते ६० विभाजनांची.

पण पेशी मोजते कशी? रशियन जीवशास्त्रज्ञ अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांना हे कोडं मॉस्कोच्या मेट्रोत सुटलं. गाडी स्वतःच्या खालच्या रुळाची नक्कल करू शकत नाही. तसंच डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्याच्या अगदी टोकाची नक्कल करू शकत नाही, आणि ते टोक दर नकलेत थोडं आखूड होतं. हे त्यांनी १९७१ मध्ये मांडलं. टोक पुन्हा लांबवणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांना १९८४ मध्ये सापडलं.

त्याआधीच डेनहॅम हार्मन (१९५६) बोट दाखवत होते मुक्त मूलकांकडे, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंकडे. पीटर मेडावर यांनी तर १९५१ मध्येच प्रश्न फिरवला होता: उतारवयात उमटणारे दोष निसर्गाच्या चाळणीला दिसतच नाहीत, कारण तोवर पिल्लं होऊन गेलेली असतात. मला हे टोकांच्या हिशेबापेक्षा जास्त पटतं. प्रयोगशाळेतल्या उंदराची टोकं माणसापेक्षा कितीतरी लांब असतात, आणि तो जगतो दोन-तीन वर्षं.