रुग्णाच्या भेटीला मांजर

रुग्णांना भेटायला पाळीव प्राणी नेण्याच्या उपक्रमांत कुत्रेच अधिक दिसतात आणि मांजरे मोजकीच. मांजराला माया कमी असते असा याचा अर्थ मुळीच नाही. ओळखीचा माणूस सोबत असला की कुत्रा बहुधा कोणत्याही खोलीत रमतो. मांजराचा जीव मात्र जागेतही गुंतलेला असतो. घरातले वास आणि लपायचे ठरलेले कोपरे हाच त्याचा भरवसा असल्यामुळे, औषधांचा दर्प, चाकाच्या खुर्च्यांचा खडखडाट आणि यंत्रांची पीं-पीं चालू असताना जे पाय मुडपून निवांत बसते, ते मांजर अपवादच म्हणायचे.

हा स्वभाव पुढे शिकवून फारसा येत नाही. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असते तेव्हा त्याला निरनिराळ्या माणसांनी हळुवारपणे हाताळले, तर ते मोठेपणी अनोळखी व्यक्तीला कमी बुजते. धीटपणाचा काही वाटा बापाकडून येतो आणि गंमत अशी, की त्या बोक्याने पिल्लांचे तोंडही पाहिलेले नसले तरी तो उतरतो. ‘पेट पार्टनर्स’ ही अमेरिकी संस्था मांजरांचीही नोंदणी करते. तिच्या नियमांनुसार मांजर किमान एक वर्षाचे असावे लागते आणि पाळणाऱ्याच्या घरी सहा महिने राहिलेले असावे लागते, कारण त्याचा स्वभाव ओळखायला तेवढा सहवास हवाच.

प्रत्यक्ष भेट अगदी साधी असते. नखे कापलेले, अंगात हार्नेस घातलेले मांजर बास्केटमधून येते. खाटेवर स्वच्छ टॉवेल अंथरला जातो, रुग्णाचे हात निर्जंतुक केले जातात आणि मांजराला मांडीशेजारी ठेवले जाते. रुग्णाने आधी बोट पुढे करायचे, मांजराला हुंगू द्यायचे आणि त्याने गाल घासला तरच हनुवटीखाली किंवा कानामागे खाजवायचे. शेपटीच्या मुळाशी हात लावलेला बहुतेक मांजरांना खपत नाही. सोबत आलेल्या माणसाची नजर मात्र रुग्णापेक्षा मांजरावरच जास्त असते. शेपटीचे टोक झटके देऊ लागले, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली किंवा मांजराने अंग चोरले, की भेट तिथेच थांबवायची, रुग्ण कितीही रमलेला असो.

येथे घुरघुरीवर विसंबून चालत नाही. खूश मांजर घुरघुरते हे खरे, पण दुखापत झालेले किंवा घाबरलेले मांजरही घुरघुरते. हा आवाज साधारण 20 ते 30 हर्ट्‌झ इतका खर्जातला असतो. एवढ्याशा प्राण्याला तो काढता कसा येतो, हे कोडे बरेच दिवस सुटत नव्हते. 2023 मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी असाध्य आजारामुळे दयामरण दिलेल्या आठ मांजरांच्या स्वरयंत्रांतून नुसती हवा सोडली, तरी तो आवाज निघाला. स्वरतंतूंमध्ये रुतलेल्या ऊतींच्या गाद्या त्यांचे कंपन संथ करत असाव्यात, असा त्यांचा कयास आहे. घुरघुरीने मोडलेली हाडे जुळतात हा लोकप्रिय दावा मात्र रुग्णांवर सिद्ध झालेला नाही.

मग रुग्णाला नेमके मिळते काय? वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात 249 विद्यार्थी होते. ज्यांनी दहा मिनिटे कुत्र्या-मांजरांना कुरवाळले, त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक इतरांपेक्षा कमी आढळले. ते विद्यार्थी रुग्ण नव्हते, हे विसरू नये. 1980 मध्ये एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या 92 रुग्णांची माहिती मांडली होती: पाळीव प्राणी असलेल्या 53 जणांपैकी वर्षभरात तिघे दगावले आणि नसलेल्या 39 पैकी अकरा. मांजरप्रेमींनी हे आकडे फार मिरवू नयेत, कारण फ्रीडमन यांच्याच 1995 च्या अभ्यासात तो लाभ कुत्रा पाळणाऱ्यांपुरताच दिसला. शिवाय घरी प्राणी पाळणे आणि पाहुण्या प्राण्याने वीस मिनिटे शेजारी बसणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते भेटीचा लाभ त्या वीस मिनिटांपुरताच मोजावा. सुया आणि तपासण्यांनी भरलेल्या दिवसात एक ऊबदार जीव रुग्णाजवळ काहीही न मागता येऊन बसतो, एवढेही थोडे नाही.

धोके मात्र खरे आहेत. मांजराच्या लाळेतील आणि त्वचेतील ‘फेल डी 1’ या प्रथिनाची अनेकांना ॲलर्जी असते, ओरखड्यातून बार्टोनेला जीवाणू शिरू शकतो आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला तो जड जातो. अमेरिकेतील रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेने 2015 च्या मार्गदर्शनात अशा भेटींसाठी फक्त कुत्रेच न्यावेत असे सुचवले, कारण मांजराच्या प्रशिक्षणाचा पुरेसा भरवसा देता येत नाही. अतिदक्षता विभागापुरता हा सावधपणा मला रास्त वाटतो. वृद्धाश्रमातील ॲलर्जी नसलेल्या, ज्यांची आयुष्यभर मांजरांशी संगत होती अशा रहिवाशाबाबत तो जरा जास्तच कडक आहे.

घरी परतल्यावर मांजर बहुधा खाऊन गाढ झोपते. पुढच्या भेटीआधी अनुभवी माणसे बास्केट उघडून जमिनीवर ठेवतात आणि थांबतात. मांजर आपणहून आत शिरले तर निघतात. पलंगाखाली गेले, तर रुग्णालयाला फोन करून त्या दिवशीची भेट रद्द करतात.