खासगी विहिरींची सामूहिक पाणी तपासणी (ग्रामीण विदर्भ)

गावातील घरच्या व शेतातल्या विहिरी आणि बोअर यांचे पाणी मालकांनी मिळून, एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने तपासून घेण्याचा उपक्रम. सार्वजनिक विहीर, हातपंप आणि नळयोजनेचा स्रोत यांचे नमुने ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ठरलेल्या काळात प्रयोगशाळेत पोचवतो. खासगी विहीर सहसा त्या यादीत नसते. नळाला दिवसाआड पाणी येते तिथे मात्र आवारातल्या विहिरीवरच घर चालते. निंदणाला आणि कापूस वेचायला आलेले मजूर दिवसभर शेतातल्या विहिरीचेच पाणी पितात. पिणारे अनेक आणि तपासणारा कोणी नाही, ही स्थिती या उपक्रमामागे आहे.

एकट्या मालकालाही तपासणी करता येते, पण एका अहवालातून दूषणाचे कारण कळत नाही. शेजारच्या दहा विहिरींपैकी एकीतच नायट्रेट जास्त निघाले, तर दोष बहुधा जवळच्या गोठ्याचा किंवा उकिरड्याचा असतो. दहाही विहिरींत फ्लोराइड निघाले, तर ते खडकातून आलेले असते. शिवाय जंतू तपासणीचा नमुना थंड ठेवून काही तासांत पोचवावा लागतो. ती फेरी आणि बर्फाचा डबा वाटून घेतला तरच परवडतो.

काय तपासावे

हे भूभागावर ठरते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मुख्य प्रश्न क्षारांचा आहे. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडचा आहे आणि तिथे उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरमध्ये ते जास्त आढळण्याचा संभव असतो. नायट्रेट मात्र सर्वत्र तपासलेच पाहिजे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात वर्धा, बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ यांची नावे देशातील सर्वाधिक नायट्रेटबाधित जिल्ह्यांत आहेत.

भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे दर लिटरला फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. विरघळलेल्या क्षारांसाठी (टीडीएस) याच मर्यादा ५०० आणि २,००० आहेत. नायट्रेट ४५ च्या वर गेले तर कोणतीही सूट नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही नसावा.

खिशातल्या टीडीएस मीटरवर विसंबू नये. तो फक्त क्षारांचा अंदाज देतो. आकडा २०० असलेल्या गोड पाण्यातही जंतू किंवा जास्त फ्लोराइड असू शकते.

पूर्वतयारी

आधी यादी करावी. प्रत्येक विहिरीला क्रमांक द्यावा आणि खोली, व्यास, बांधणी, कठडा व ओटा आहे का, संडास, शोषखड्डा, गोठा आणि उकिरडा किती अंतरावर आहेत, हे टिपावे. संडास १५ मीटर दूर असावा असे सांगतात, पण भेगाळलेल्या काळ्या खडकात आणि मुरमात घाण त्याहून दूर जाते. म्हणून उताराची दिशाही लिहावी.

"अहवाल वाईट आला तर विहीर बंद करतील" ही भीती अनेकांना असते. प्रत्येक मालकाची संमती घ्यावी, अहवाल त्याच्याच हाती द्यावा आणि गावच्या नकाशावर नाव न घालता फक्त क्रमांक लावावा, हे ग्रामसभेतच ठरवून घ्यावे. मजूर किंवा शेजारी पाणी पितात त्या विहिरीचा निकाल त्यांनाही कळवला जाईल, हेही मालकाला आधीच सांगितले पाहिजे.

क्षार, फ्लोराइड आणि नायट्रेटसाठी वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नमुने घेणे योग्य. जंतूंसाठी सर्वांत धोक्याचा काळ पहिल्या मोठ्या पावसानंतरचा. जिल्ह्याच्या किंवा उपविभागाच्या पाणी प्रयोगशाळेला नमुन्यांची संख्या आधी कळवावी. जंतूंचे नमुने आठवड्याच्या सुरुवातीला न्यावेत, कारण चाचणीला एक-दोन दिवस लागतात आणि मध्ये सुट्टी यायला नको.

नमुना घेणे

बहुतेक चुका इथेच होतात. रासायनिक तपासणीसाठी एक-दोन लिटरची स्वच्छ प्लास्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. जंतूंची निर्जंतुक बाटली मात्र कधीच विसळू नये. तिच्यात क्लोरीन मारणारे थायोसल्फेट टाकलेले असते, ते वाहून जाते. झाकणाच्या आतून बोट लावू नये, वर थोडी जागा सोडावी, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवावी आणि शक्यतो सहा तासांत, उशिरात उशिरा चोवीस तासांत पोचवावी. डब्यात वितळलेल्या पाण्यात बाटलीचे तोंड बुडता कामा नये.

बोअर पाच-दहा मिनिटे चालवून मगच पाणी घ्यावे, नाहीतर पाइपात साचलेले पाणी तपासले जाते. विहिरीत निर्जंतुक बाटली वजन बांधून, भिंतीला न लावता, पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटर सोडावी. घरच्या बादलीने काढलेल्या नमुन्यात विहिरीऐवजी बादलीचे जंतू सापडतात. दर दहा विहिरींमागे एक नमुना दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवावा. दोन्ही निकाल जुळले नाहीत तर त्या फेरीवर भरवसा ठेवू नये.

नमुन्याच्या आदल्या दिवशी विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकलेली असली, तर अहवाल "योग्य" येतो आणि दूषण लपून राहते. पावडरीनंतर निदान आठवडाभर थांबावे.

गावातच होणाऱ्या चाचण्या

जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. हे काम त्यांच्यावर सोपवणे सर्वांत चांगले. संचाने चाळणी लावून संशयास्पद नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. रंग सावलीत, दिवसाच्या उजेडात जुळवावा. द्रावणांची मुदत पाहावी. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत पडलेला संच वापरू नये. पाण्यात अल्कता किंवा सल्फेट जास्त असेल तर फ्लोराइडचा रंग फसवतो, म्हणून खारपाणपट्ट्यात तो निकाल पक्का मानू नये.

जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइडची कुपी असते. खुणेपर्यंत पाणी भरून ३० ते ३७ अंशांत २४ ते ४८ तास ठेवावी. काळी झाली तर पाणी दूषित. डिसेंबरच्या थंडीत ती काळी व्हायला वेळ लागतो आणि पाणी शुद्ध असल्याचा गैरसमज होतो. भरताक्षणीच काळी झाली तर पाण्यात मूळचेच सल्फाइड असू शकते. काळ्या कुपीत ब्लिचिंगचे द्रावण ओतून मगच ती टाकावी.

अहवालानंतर

नायट्रेटचा आकडा कशात दिला आहे ते आधी पाहावे. काही अहवाल "नायट्रेट नायट्रोजन" लिहितात, त्याला ४.४३ ने गुणले की नायट्रेट मिळते. तिथला १० चा आकडा म्हणजेच सुमारे ४५.

जंतू निघाले तर विहीर निर्जंतुक करावी. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली (मीटरमध्ये) गुणिले ७८५ केले की लिटर मिळतात. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,२६० लिटर. दर हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर, म्हणजे इथे ७० ग्रॅम लागते. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळावे आणि तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते दाखवणारी चाचणी, घ्यावी. उघड्या पोत्यातली, दमटलेली पावडर निकामी झालेली असते. कठडा फुटका आणि ओटा खचलेला असेल तर जंतू पुढच्या पावसात परत येतील. त्यामुळे दुरुस्तीही त्याच फेरीत करावी.

नायट्रेट आणि फ्लोराइडवर ब्लिचिंगचा काहीच उपयोग नाही, आणि पाणी उकळल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते. सहा महिन्यांखालील बाळाचे वरचे दूध नायट्रेटच्या पाण्यात कधीही करू नये. उकिरडा आणि शेणखताचा ढीग उताराच्या खालच्या बाजूला हलवावा. फ्लोराइड असलेल्या घरी पिण्यास आणि स्वयंपाकाला दुसऱ्या विहिरीचे पाणी घ्यावे, बाकी वापर त्याच बोअरवर ठेवावा. अशा विहिरींची पुढच्या एप्रिलमध्ये त्याच क्रमांकाने फेरतपासणी करतात.