लॉग लेव्हल 'ट्रेस' केली म्हणजे ट्रेसिंग चालू झालं असं नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात रात्री एक लोड, म्हणजे डेटा भरण्याचं काम, चालतो. गावोगावच्या केंद्रांवरचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि त्यावरून उत्पादकांची बिलं. सगळं स्नोफ्लेक या क्लाउड डेटाबेसमधल्या एका स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये, म्हणजे तिथेच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये. एरवी ९ मिनिटांत उरकणारं काम ४० मिनिटांवर गेलं, तेव्हा नव्या पोराला मॉनिटरिंग लावायला सांगितलं. संध्याकाळी म्हणाला, "लावलं की दादा, ट्रेस चालू हाय." लॉग आणि ट्रेस जिथे साठतात ते इव्हेंट टेबल उघडलं, तर स्पॅनची, म्हणजे रनच्या वेळेच्या नोंदीची, एक ओळ नाही.

पोराला तरी काय बोलणार! किती बारीक लॉग ठेवायचे ते लॉग लेव्हल ठरवते, आणि तिच्या पर्यायांतच 'ट्रेस' आहे: ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर, फेटल, ऑफ. तिथे ट्रेस निवडलं की बारीकसारीक लॉगही ठेवले जातात, बास. खरं ट्रेसिंग, म्हणजे कुठे किती वेळ गेला याची नोंद, ट्रेस लेव्हल या वेगळ्या पॅरामीटरवर चालतं. त्याच्या पर्यायांत ऑलवेज, ऑन इव्हेंट, ऑफ असे येतात. नावं ठेवणाऱ्याला नावंच ठेवावीत.

लॉग म्हणजे केंद्रावरची वही. कुणी लिहिलं तर नोंद, नाही तर कोरं पान. प्रोसीजरमध्ये तुम्ही लॉगची ओळ घातली असेल तरच सहसा मजकूर येतो, आणि त्याला एकच वेळ असते. स्पॅन म्हणजे टँकरची फेरी: आत कधी आला, बाहेर कधी गेला. ट्रेस लेव्हल ऑलवेज असली की प्रोसीजरच्या प्रत्येक रनला स्पॅन आपोआप पडतो, सुरुवात आणि शेवट दोन्ही वेळांसकट. मधल्या थांब्यांच्या नोंदी, म्हणजे स्पॅन इव्हेंट, मात्र आपणच घालायच्या. एका स्पॅनमध्ये १२८ च बसतात, तेव्हा लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या भागात, घालू नका. लॉगही लूपमध्ये नकोत, कारण इव्हेंट टेबलात माल भरण्याचेही पैसे लागतात.

आम्ही पाच थांबे घातले. 'दर लावले' आणि 'बिल तयार' यांच्यात ३१ मिनिटं गेली होती. पण का, ते स्पॅन सांगेना. मग तिथे लॉगची एक ओळ टाकली: जॉइननंतर, म्हणजे दुधाच्या नोंदींना दरपत्रक जोडल्यावर, किती ओळी झाल्या. आकडा बघून घाम फुटला. दरपत्रक रोज रात्री जुनं न पुसता पुन्हा भरलं जात होतं, त्यामुळे दर रात्री ओळी वाढत होत्या. शेवटी डिस्टिंक्ट, म्हणजे सारख्या ओळी एकदाच धरा असा हुकूम, असल्याने बिलं बरोबर निघायची आणि कुणाला पत्ता नव्हता. ते डिस्टिंक्ट माझंच.

दुसऱ्या दिवशी पोरगं परत आलं, "दादा, आजच्या तारखेला काहीच नाही." इव्हेंट टेबलातली वेळ यूटीसी असते, आपल्या साडेपाच तास मागे. आपल्या रात्री २:१० चा लोड तिथे आदल्या तारखेला २०:४० वर बसला होता.