खोटी वजनेमापे आणि कायदा

व्यापारात वापरले जाणारे तराजू, वजने, मापे, काटे व मीटर खरे असावेत आणि त्यांतली चूक ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये, यासाठी केलेल्या कायद्यांचा समावेश वैध मापनशास्त्रात होतो. गिऱ्हाईक माल निरखून पाहू शकते, भावात घासाघीस करू शकते. पण काट्यावरचा आकडा तपासायला त्याच्याजवळ दुसरा काटा नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी शासन मध्ये पडते. ‘मापात पाप’ आणि ‘काटामारी’ हे शब्द लबाडीबद्दल आहेत, कायद्याचा विषय मात्र त्याहून मोठा आहे: लबाडी नसतानाही साधन चुकते, आणि नुकसान तेवढेच होते.

बायबलच्या जुन्या करारात पिशवीत एक मोठे व एक लहान अशी दोन वजने बाळगण्यास मनाई आहे. कुराणाच्या ८३व्या सुरेला (अध्यायाला) नावच मापात कमी देणाऱ्यांवरून पडले. प्राचीन अथेन्समध्ये मापांवर देखरेख करणारे दहा अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडत. पाच शहरासाठी, पाच पिरियस बंदरासाठी. इंग्लंडच्या १२१५च्या मॅग्ना कार्टा या सनदेने मद्य, धान्य व कापडाचा पन्हा यांसाठी राज्यभर एकच माप मागितले. मात्र कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तपशील सर्वांत थक्क करणारा आहे. तिथे ‘पौतवाध्यक्ष’ हा वजनमापांचा स्वतंत्र अधिकारी आहे. वजने लोखंडाची किंवा मगध व मेकल भागातल्या दगडाची असावीत, नाहीतर पाण्याने वाढणार नाही आणि उष्णतेने घटणार नाही अशा पदार्थाची. दर चार महिन्यांनी ती तपासून शिक्का मारून घ्यायची; बिनशिक्क्याचे वजन वापरल्यास सव्वासत्तावीस ‘पण’ (त्या काळचे नाणे) दंड. साधनाचा पदार्थ, ठरावीक मुदतीची तपासणी, शिक्का आणि दंड ही आजच्या कायद्याची चौकट तिथे जवळजवळ पूर्ण दिसते.

लबाडी किती बारीक असते हे साध्या तागडीत पाहावे. चाळीस सेंटिमीटरच्या दांडीचा मधला टेकू फक्त २ मिलिमीटर सरकवला, की मालाकडची भुजा २०.२ आणि वजनाकडची १९.८ सेंटिमीटर होते. मालाचे पारडे तेवढे हलके केले, की रिकामी तागडी अगदी सरळ राहते. पण एक किलोचे वजन ठेवून तोललेला माल भरतो सुमारे ९८० ग्रॅम. वजन अस्सल, शिक्का अस्सल, आणि तरीही किलोमागे वीस ग्रॅम गेले. यावर उपायही तितकाच साधा आहे: माल आणि वजन यांची पारडी बदलायची. तागडी खरी असेल तर दांडी पुन्हा सरळ होते, खोटी असेल तर लगेच कलते. याखेरीज वजनाला आतून पोकळ करणे, मापाला खोटा तळ बसवणे, पारड्याखाली चुंबक चिकटवणे हे जुने प्रकार आहेतच.

म्हणूनच अनेक देशांत कायदा आधी साधनाकडे पाहतो, माणसाच्या मनाकडे नंतर. ब्रिटनच्या १९८५च्या वजनमाप कायद्यानुसार खोटे साधन व्यापारात वापरणे हा गुन्हा आहेच, पण वापरण्यासाठी जवळ बाळगणेही गुन्हा आहे, आणि ते साधन जप्त होऊ शकते. जाणूनबुजून फसवणूक केली असेल तर तो वेगळा, अधिक गंभीर गुन्हा. ही विभागणी मला योग्य वाटते. हेतू सिद्ध करण्याची अट सरसकट घातली असती, तर ‘काटा बिघडला होता’ एवढ्या एका वाक्यावर बहुतेक प्रकरणे मिटली असती.

पूर्ण बिनचूक साधन जगात नसते, म्हणून कायदा चुकीची कमाल मर्यादा ठरवतो. आंतरराष्ट्रीय वैध मापनशास्त्र संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली. तिच्या शिफारशीप्रमाणे ३० किलो क्षमतेच्या आणि १० ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या नेहमीच्या व्यापारी काट्याला पहिल्या पडताळणीत ५ किलोपर्यंत ५ ग्रॅम, २० किलोपर्यंत १० ग्रॅम आणि त्यापुढे १५ ग्रॅम इतकी चूक माफ असते. वापरातल्या काट्याला याच्या दुप्पट. ही सूट दोन्ही बाजूंना आहे, कमीही आणि जास्तही. काटा मुद्दाम सतत एकाच बाजूला झुकता ठेवून मर्यादेच्या आत राहणे हा सवलतीचा गैरफायदा आहे. युरोपीय संघाच्या २०१४च्या मापन-उपकरणविषयक निर्देशात तर साधनाने चुकीच्या मर्यादेचा फायदा उठवू नये आणि कोणत्याही एका पक्षाला सातत्याने झुकते माप देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

निसर्गही काट्याला चुकवतो. गुरुत्वाकर्षण विषुववृत्तापेक्षा ध्रुवांजवळ सुमारे अर्ध्या टक्क्याने जास्त आहे. दोन पारड्यांच्या तराजूला याने फरक पडत नाही, कारण दोन्ही पारडी सारखीच ओढली जातात. पण इलेक्ट्रॉनिक काटा भाराचा जोर मोजतो. विषुववृत्तावर जुळवलेला काटा ध्रुवाजवळ नेला तर किलोला सुमारे पाच ग्रॅम जास्त दाखवेल. म्हणून काटा जिथे वापरायचा त्या भागासाठीच जुळवावा लागतो.

या साऱ्या कायद्यांचा कणा म्हणजे पडताळणी व मुद्रांकन (शिक्का मारणे). भारतात वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे आणि त्यातही हीच पद्धत आहे. निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून आधी शून्य पाहतो, मग निरनिराळ्या भारांवर आकडा पाहतो, मग तोच भार पाटाच्या मध्यभागी न ठेवता चारही कोपऱ्यांत ठेवतो. कोपरा बदलला की आकडा मर्यादेबाहेर चुकणारा काटा नापास होतो. लोखंडी वजनाच्या पोकळीत शिसे ठोकून त्यावर शिक्का उमटवतात, म्हणजे शिसे काढल्याशिवाय आत हात घालता येत नाही आणि काढले की शिक्का मोडतो. इंधन पंपांच्या मीटरलाही असेच सील असते.

इलेक्ट्रॉनिक साधनांत मात्र शिसे पुरत नाही. तिथे लबाडी आज्ञावलीत किंवा आत बसवलेल्या छोट्या चिपमध्ये असते, आणि निरीक्षक आला की ती बंदही करता येते. म्हणून आधुनिक साधनांत जुळवणी बदलली की आपोआप एकाने वाढणारा आणि मागे न फिरवता येणारा गणक ठेवतात. पडताळणीच्या वेळी त्याचा आकडा नोंदवून ठेवायचा; पुढच्या भेटीत तो वाढलेला दिसला, तर बाहेरचे सील शाबूत असले तरी आत कोणीतरी हात घातला आहे हे उघड होते.