२५४ पत्ते, १०० मिलीवॅट : कॉलेजच्या वायफायला मिळालेला वारसा

जुलैत कोल्हापुरातली कॉलेजं भरली, की 'रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही' ही तक्रार ठरलेली. दोष बहुधा इंटरनेटच्या लाइनला दिला जातो. खरं मूळ बरेचदा जुन्या सेटिंगमध्ये असतं : वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या परिस्थितीत योग्य असलेले दोन आकडे कोणी बदललेलेच नसतात.

पहिला आकडा आयपी पत्त्यांचा, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला लागणाऱ्या क्रमांकांचा. १९८१ साली ठरलेल्या आयपीव्ही४ मध्ये पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी. ते अपुरे पडणार हे लवकरच दिसू लागलं. १९९६ मध्ये १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे गट खासगी वापरासाठी राखून ठेवण्याचा नियम आजच्या रूपात आला. त्याआधी, १९९३ मध्ये, डीएचसीपी ही आयपी वाटण्याची पद्धत आली होती : मशीनने मागावं, सर्व्हरने ठरावीक मुदतीसाठी आयपी द्यावा. ही मुदत म्हणजे लीज.

तेव्हा नेटवर्क म्हणजे संगणकांची लॅब. तीस-चाळीस पीसी, जागचे न हलणारे. एका लॅबला 'स्लॅश २४'चा तुकडा, म्हणजे २५४ आयपी, भरपूर होत. विंडोज सर्व्हरची मूळ लीज ८ दिवसांची, तीही अशा पीसींना शोभणारी. हेच सेटिंग पुढे वायफायवर जसंच्या तसं आलं, आणि गणित फसलं. वाचनालयात एका वेळी १५० मुलं असली, तरी दिवसभरात ६०० वेगवेगळे फोन येऊन जाऊ शकतात. मुलगा संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन बसला, तरी त्याच्या नावचा आयपी पुढचे आठ दिवस वाचनालयातच अडकलेला राहतो. दुपारपर्यंत पूल, म्हणजे वाटायच्या आयपींचा साठा, रिकामा. मग विंडोज लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसतो, आणि फोन 'आयपी मिळवत आहे' यावरच थांबतो. रेंजचे दांडे मात्र पूर्ण.

उपाय स्वस्त आहे. वर्ग आणि वाचनालयात लीज एक-दोन तासांवर आणावी. लीज अर्धी उलटली की उपकरण स्वतःच नूतनीकरण मागतं, त्यामुळे बसलेल्याचं काही तुटत नाही. वसतिगृहात ८ ते १२ तास ठीक. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून कोल्हापूर हे वसतिगृहांचं शहर आहे; इथे खरा भार रात्री नऊनंतर येतो आणि एका मुलामागे फोन नि लॅपटॉप धरून दोन आयपी लागतातच. तिथे 'स्लॅश २१', म्हणजे २०४६ आयपी, असा पूल ठेवावा. आणखी एक हिशेब २०१९ नंतर बदलला. अँड्रॉइड १० आणि पुढच्या वर्षी आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) दाखवतो. एकच फोन तीन एसएसआयडींवर, म्हणजे वायफायच्या तीन नावांवर, फिरला, तर तीन आयपी खातो. म्हणून एसएसआयडी कमी ठेवा.

वसतिगृहात एक जुनं दुखणं कायम असतं. कोणीतरी घरचा राउटर आणतो, भिंतीतली केबल चुकून त्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचतो, आणि तो राउटर शेजारच्या खोल्यांना स्वतःचे आयपी वाटू लागतो. खोल्यांच्या केबल जिथे जोडतात त्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (आयपी कोण वाटतंय यावरची पाळत) चालू करून फक्त मुख्य नेटवर्ककडे जाणारा अपलिंक पोर्ट विश्वासू ठरवला, की हे थांबतं.

दुसरा आकडा वायफायच्या सिग्नलच्या पॉवरचा. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा परवान्यातून मोकळा झाला जानेवारी २००५ मध्ये : ट्रान्समीटरला कमाल १ वॅट, अँटेना धरून ४ वॅट. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग इमारतीबाहेरही मोकळा व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडला. सुरुवातीला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारा डबा, महाग, म्हणून मजल्याला एक, पूर्ण पॉवरवर. तेव्हा ते बरोबरच होतं. आता दर दोन-तीन खोल्यांना एक असतो, पण २० डीबीएम (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप), म्हणजे १०० मिलीवॅट, तसेच राहतात. फोनची पॉवर साधारण १२ ते १५ डीबीएम. फोनला ॲक्सेस पॉइंट ऐकू येतो. फोनचं क्षीण उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय मोठा आवाज ऐकून फोन दूरच्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे पट्ट्याचे भाग, तीनच : १, ६, ११. एकाच चॅनलवरचे शेजारी एकमेकांना ऐकू आले, की आळीपाळीने थांबतात, आणि सगळ्यांचाच वेग पडतो. कॉरिडॉरमध्ये ओळीने लावलेले ॲक्सेस पॉइंट यात सर्वात वाईट. ते एकमेकांना स्वच्छ ऐकतात आणि मुलांपर्यंत मात्र भिंतीतून पोचतात. ते खोलीत लावावेत, काळ्या दगडाच्या जुन्या इमारतींत तर नक्कीच.

५ गिगाहर्ट्झला १४ ते १७ डीबीएम आणि २.४ ला त्याहून ६ डीबी कमी, इथून सुरुवात करावी. सगळे ॲक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या कंट्रोलरची स्वयंचलित पॉवर चालू ठेवायची, तर किमान-कमाल मर्यादा आपण घालाव्यात. सोबत १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने दर बंद करून किमान १२ ठेवावा. नाहीतर मोठ्या पूलमधले ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणारे संदेश, सर्वात हळू दराने जातात आणि हवेतला वेळ खातात.

कडेच्या बाकावर उणे ६७ डीबीएम मिळतो का, हे फोननेच मोजावं. मात्र मे महिन्याच्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात नव्हे. माणसाच्या शरीरात बहुतांश पाणी असतं आणि ते सिग्नल शोषतं. साठ मुलं बसलेल्या वर्गात आकडा वेगळाच येतो.