कापडी कयाक : आवरणाचे कापड आणि लेप

लाकडी सांगाड्यावर कापड ताणून शिवायचे आणि त्यावर पाणी अडवणारा लेप चढवायचा, अशा पद्धतीने घरी बांधलेली एकट्याने वल्हवायची निमुळती होडी म्हणजे कापडी कयाक. मूळ कयाक आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट, युपिक आणि अल्यूत लोकांची. सांगाडा किनाऱ्याला वाहून आलेल्या लाकडाचा आणि वर सीलचे किंवा सागरी सिंहाचे कातडे. तुंगभद्रेतले गोल हरिगोल याच कुळातले: बांबूची टोपली, वर पूर्वी कातडे आणि आता प्लॅस्टिकचे कापड व डांबर.

मुंबईत कापड निवडताना मजबुतीचा प्रश्न दुय्यम ठरतो. जाड नायलॉन आणि जाड पॉलिएस्टर दोन्ही पुरेशी मजबूत असतात. खरा प्रश्न ओलाव्याचा आहे. नायलॉन हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्के धरून ठेवते, पॉलिएस्टर ०.४ टक्के. ओले नायलॉन सैलावते आणि सुकले की पुन्हा ताठते. त्यामुळे जानेवारीत ढोलकीच्या पुडीसारखे वाजणारे आवरण जुलैत बोटाने दाबले तरी फासळ्यांच्या मधे खोलगट होते. लेप पाणी अडवतो. पण आतली उघडी बाजू हवेतला ओलावा घेतच राहते. पॉलिएस्टर पावसाळ्यातही आहे तसेच राहते आणि उन्हालाही नायलॉनपेक्षा जास्त टिकते.

तरीही नायलॉनचा एक गुण मोठा आहे. ते ताण घेऊन परत येते, घासले तरी सहजी तुटत नाही. मुंबईच्या काळ्या खडकांवर आणि धक्क्यांच्या खांबांवर कालवांच्या धारदार कडा असतात. ओहोटीला कयाक त्यांवर घासली, तर त्याच वजनाच्या पॉलिएस्टरपेक्षा नायलॉन जास्त सोसते. खडकाळ किनाऱ्यावर रोज उतरायचे असेल तर नायलॉन घ्यावे आणि पावसाळ्यातला सैलपणा मान्य करावा. खाडी, चिखल आणि वाळू एवढाच वावर असेल तर पॉलिएस्टरच बरे.

कापडाचे वजन २७० ते ४०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) दरम्यान असावे. पाच मीटरच्या कयाकचे आवरण पाचेक चौरस मीटर भरते, म्हणजे ३०० जीएसएमचे कापड सुमारे दीड किलोचे होते. लांबी सव्वापाच ते साडेपाच मीटर घ्यावी. पन्हा ५८ इंचांपेक्षा कमी नको, नाहीतर रुंद मध्यभागी दोन्ही काठ वर येऊन भेटत नाहीत आणि जोड द्यावा लागतो. ताग्यातून कापून घेण्याआधी सांगाड्याचा सर्वांत मोठा घेर दोरीने मोजलेला असावा.

दुकानात जे ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दाखवतात ते बहुतेकदा या कामाचे नसते. बॅगांच्या कापडाला मागून पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पीव्हीसीचा थर असतो आणि छत्रीच्या कापडाला पाणी झटकणारे फिनिश. दोन्हींत आपला लेप धाग्यांत मुरत नाही, वर बसतो आणि पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. ओळखायला कापडावर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो मण्यासारखा उभा राहिला तर कापड परत द्यावे. पसरला तर पुढची परीक्षा. कडेचा एक धागा उपसून चिमट्याने ज्योतीवर धरावा. सूत कागदासारखा वास देऊन जळते आणि त्याची मऊ राख होते. नायलॉन व पॉलिएस्टर वितळून कडक मणी धरतात. सूत-पॉलिएस्टर मिश्रण असेल तर मणी आणि राख दोन्ही दिसतात. असे कापड ना नायलॉनसारखे पाण्याने नीट ताणले जाते, ना पॉलिएस्टरसारखे इस्त्रीने.

पॉलिएस्टर घेताना मागावरून उतरलेले, हीट-सेट न केलेले, म्हणजे उष्णतेने आकार पक्का न केलेले ‘ग्रे’ कापड मागावे. हीट-सेट झालेले कापड घरच्या इस्त्रीखाली फारसे आकसत नाही. २० सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापून त्यावर इस्त्री फिरवावी. बाजू १९ किंवा १८ सेंटिमीटरवर आली तर कापड कामाचे. ग्रे कापडात खळ आणि तेल असते, ते कोमट साबणपाण्याने काढावे. उकळते पाणी वापरू नये, कारण मग सांगाड्यावर आकसण्यासाठी काही उरतच नाही.

सुती किंतान स्वस्त आहे, शिवायला सोपे आहे आणि ऑइल पेंट चांगले धरते. मात्र दमट हवेत घडीत राहिले की त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि कापड कुजते. ट्रकची पीव्हीसी ताडपत्री लेपाशिवाय चालते, पण जड असते आणि टोकांना सुरकुत्या पडतात. होर्डिंगचे जुने फ्लेक्स शहरात सहज मिळते. ते उथळ पाण्यात सांगाड्याची चाचणी घेण्यापुरते ठीक आहे, समुद्रासाठी नाही. त्यातली जाळी विरळ असते आणि एकदा फाटायला लागले की फाटतच जाते.

शिवण्याआधी सांगाड्याच्या सर्व कडा घासून गोल कराव्यात. लाकडाला लावलेले जवसाचे तेल पूर्ण सुकलेले असावे. ओले तेल कापडातून वर आले की त्या जागी लेप धरत नाही. हे तेल पुसलेली फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत, कारण बोळा करून टाकलेली फडकी आपोआप पेट घेतात. शिवण वरच्या बाजूला, मध्यरेषेवर येते. वाकडी दाभण आणि चांभाराचा मेण लावलेला नायलॉन दोरा पुरतो. आधी धावदोरा घालून ताण आणायचा, मग जास्तीचे कापड कापून कडा दुमडून गच्च टाके घालायचे. नायलॉन ओले करून शिवतात, सुकताना ते स्वतःच ताणले जाते. पॉलिएस्टर कोरडे शिवतात आणि इस्त्रीने, आधी साधारण १२० अंश सेल्सिअसला आणि मग फार तर १७५ला, आकसवतात. इस्त्री डावीकडे थोडी, उजवीकडे थोडी अशी फिरवावी. एकच बाजू पूर्ण केली तर बारीक सांगाडा तिकडे पिळतो.

मासेमारीच्या होड्या आता फायबरच्या झाल्याने मुंबईत रेझिन सहज मिळते आणि तेच लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. कापडी आवरण प्रत्येक लाटेला थोडे आत-बाहेर होते. कडक पॉलिएस्टर रेझिन किंवा इपॉक्सी तिथे तडकते. लेप लवचिक हवा. दोन घटकांचे लवचिक पीयू नायलॉनला सर्वांत चांगले. त्यातही अ‍ॅलिफॅटिक प्रकार उन्हात पिवळा पडत नाही. फर्निचरचे पीयू बहुधा कडक असते. म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर लावून, आठवड्याने तो करकचून दुमडून पाहावा. घडीवर पांढरी रेघ किंवा तडा दिसला तर तो लेप कयाकला लावू नये. पॉलिएस्टर व किंतानावर ऑइल इनॅमलही चालते. पहिल्या हातात साधारण १० टक्के टर्पेंटाइन मिसळावे, म्हणजे रंग धाग्यांत उतरतो. पुढच्या प्रत्येक हाताआधी एक दिवस थांबावे. पाच मीटरच्या कयाकला एकूण अडीच ते तीन लिटर लेप लागतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा पहिला हातच पितो.

पीयूचा हार्डनर, म्हणजे दोन घटकांतला घट्ट करणारा घटक, पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतो. कापड दमट असेल तर लेपात टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य फोड येतात आणि ते घासून जात नाहीत, कारण घासताना धागे उघडे पडून केसाळ होतात. म्हणून लेपाचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दव उडाल्यावर, अकरानंतर करावे. गच्ची चांगली, पण सावली हवी. उन्हात तापणाऱ्या कापडातली हवा फुगून वर येते. उकाड्यात मिश्रण लवकर घट्ट होते, तेव्हा दोन्ही घटक वजनकाट्यावर मोजून एका वेळी ३०० ते ४०० मिलिलिटरच कालवावे. पीयूचा पुढचा हात आधीचा बोटाला चिकट लागत असतानाच द्यावा, तरच दोन्ही थर एकजीव होतात. हार्डनरमधल्या आयसोसायनेटच्या वाफेने दमा जडू शकतो. बंद खोलीत हे काम करू नये. सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज मास्क व हातमोजे घालावेत. साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे.

तळाच्या मध्यरेषेवर आणि दोन्ही टोकांवर दोन हात जास्त द्यावेत, कारण किनाऱ्याला लागताना कयाक तिथेच घासते. फाटल्यास जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावी, त्याच कापडाचा कोपरे गोल कापलेला तुकडा फाटीच्या चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर जास्त घेऊन त्याच लेपाने चिकटवावा. कोपरे टोकदार ठेवले तर तुकडा तिथूनच उचलला जातो.